पाटावरचा पिवळा

आज सकाळी साडेसहाला फोन किंचाळला. धुक्याचा इशारा. इथे धुकंसुद्धा फोनवर कळवून येतं, आधी अरबीत, मग इंग्रजीत. पडदा सरकवला तर समोरची बिल्डिंग गायब, मशिदीचा मिनार अर्धाच, आणि खाली मुसफ्फाच्या कारखान्यांकडे निघालेल्या गाड्यांचे नुसते दिवे. लोकांना इथे डिसेंबर आला की हायसं वाटतं. सहा महिने भट्टीत काढल्यावर कुणालाही वाटेलच. कोळसा, जाळी, मटण घेऊन वाळवंटात जातात, बाल्कनीतल्या खुर्च्या पुसून काढतात. मला मात्र हे दिवस नकोसे होतात. गेल्या वर्षी ह्याच धुक्यात माझ्या बाल्कनीत एक पिवळी वस्तू उगवली, आणि तिच्यापायी माझी आई ह्या घरातून गेली. मेली नाही, गेली. बारामतीजवळच्या आमच्या गावी, तिच्या घरी. परत यायचं नाव काढत नाही.

तिच्यापायी म्हणजे त्या वस्तूपायी, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत आलेय. सांगायला ते सोपं पडतं.

आम्ही अबू धाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. नवरा ऑफशोअरला, एक महिना समुद्रात आणि एक महिना घरी. त्यामुळे अर्ध वर्ष घरात मी आणि रेवा. रेवा आता चौदा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. बाबा गेले त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात मी आईला इकडे आणलं, तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर. राहून बघ म्हटलं, जमलं तर तुझा रेसिडेन्स व्हिसाच करू. तिला एकटीला तिकडे ठेवायला जीव होत नव्हता, हे खरंच आहे. रेवा शाळेतून येते तेव्हा घरात कुणीतरी असावं, हेही तेवढंच खरं आहे. दोन्ही कारणांत मोठं कोणतं होतं ते मी कधी नीट तपासलं नाही.

आई आली आणि सोफ्याच्या कडेला बसली. पाठ कधी टेकली नाही. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत माणूस बसतो तशी बसायची. टीव्ही लावून दिला की बघायची, बंद केला की बंद टीव्हीकडे बघायची. एसी लागला की पदर कानावरून घ्यायची, पण बंद कर म्हणायची नाही. जेवण चिमणीएवढं. काही विचारलं की एकच वाक्य, "तुमचं चालू द्या." मी सातला ऑफिसला पळायचे, पाच-साडेपाचला यायचे, आल्यावर फोनवर ऑफिसचेच मेसेज. रेवाच्या कानात कायम ते इअरफोनचं पांढरं बोंडूक. आमचं चालूच होतं.

फक्त एकदा ती चिडली, तीही आली त्याच दिवशी, बाल्कनी बघून. माझ्या लग्नातला सागवानी पाट मी तुळशीच्या कुंडीखाली ठेवला होता. फरशीवर डाग पडतात म्हणून बिल्डिंगवाल्यांची नोटीस आली होती, आणि घरात लाकडाची अशी दुसरी वस्तू नव्हती. एसीच्या नळीचं पाणी ठिबकून ठिबकून तो काळा पडला होता, एका कोपऱ्याला दाबलं तर बोट आत जायचं.

"अगं, जेवायचा पाट हाय ह्यो! ह्याच्यावर बसून तुज्या बापानं कन्यादान केलं, आन् तू कुंडी ठिवलीस व्हय?"

"आई, इथे टेबलावर जेवतात गं. पाटाचं काय करू? शोकेसमध्ये लावू?"

"बरं बाई. तुमचं चालू द्या."

मार्गशीर्ष लागला तसं तिच्यात थोडं चैतन्य आलं. आमचा कुळदेव खंडोबा. प्रतिपदेला घट बसतात, चंपाषष्ठीला उठतात. तिने किचनच्या ओट्यावर, मिक्सर सरकवून, घट बसवला. धूप पेटवायला निघाली तेव्हा मी किंचाळलेच, कारण छताला धुराचा सेन्सर आहे आणि तो वाजला की सगळी बिल्डिंग खाली उतरवतात. तिने धूप परत पिशवीत ठेवला.

त्याच सकाळी असंच धुकं होतं. मी केस विंचरत होते.

"संगेऽ! ए संगे, भाईर ये! आदी भाईर ये!"

मला वाटलं पडली. कंगवा डोक्यात तसाच ठेवून धावले. आई बाल्कनीत उभी, दोन्ही हात जोडलेले. पाटावर, कुंडीच्या बुडाशी, तळव्याएवढं काहीतरी पसरलं होतं. पिवळंजर्द. वर लोण्यासारखं ओलसर, आणि कडेने बारीक बारीक शिरा फुटलेल्या, जणू कुणी चिमूट सांडली आणि ती पाण्याबरोबर ओघळत गेली. काळ्या लाकडावर तो रंग असा उठून दिसत होता की कंगवा डोक्यातच ठेवून मीसुद्धा वाकले.

"भंडारा," आई म्हणाली. "घट बसला न्हाई तवर देव आला गं. समुद्र वलांडून आला."

ज्यांच्या घरी खंडोबा नाही त्यांना सांगते, भंडारा म्हणजे हळदीची पूड, देवावर उधळतात, कपाळी लावतात. आईने आयुष्यभर ती हाताळलेली. तिने वाकून बोटाने त्या पिवळ्याला स्पर्श केला, माझ्या कपाळाला लावलं, मग युनिफॉर्ममध्ये बाहेर आलेल्या रेवाच्या, मग स्वतःच्या. गार लागलं. रेवा ओरडली, "आजी, व्हॉट इज धिस? इट्स वेट!"

"धुक्यानं भिजलाय, बाळा."

आईचा चेहरा मी बघितला. बाबा गेल्यापासून तसा बघितला नव्हता. आणि मग मी काय केलं? फोटो काढला. घरात काहीही होवो, माझा हात आधी फोनकडे जातो. आई हात जोडून, कपाळ पिवळं, मागे तुळस आणि पांढरं धुकं. फोटो सुरेख आला होता.

ऑफिसात गेल्यावर त्या पिवळ्याचा जवळून काढलेला दुसरा फोटो मी एका ॲपमध्ये टाकला. ॲपने चार नावं सांगितली, चारही वेगळी. मग इंटरनेटवरच्या एका बुरशीवेड्या लोकांच्या ग्रुपमध्ये टाकला. तिथे जगभरची माणसं सडक्या लाकडांचे फोटो टाकतात आणि लग्नाच्या स्थळावर चर्चा करावी तशी चर्चा करतात. कुणी म्हणालं बुरशी, कुणी म्हणालं फोम आहे, बिल्डिंगवाल्यांनी फवारला असेल. एका बाईने मात्र विचारलं, लाकूड कसलं, किती दिवस ओलं आहे, शिरा दिसतात का. मग म्हणाली, घाई करू नका. उद्या ते त्याच जागी आहे का बघा. जवळ ओटचे दोन-चार दाणे ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्सचा डबा घेऊन बाल्कनीत गेले. आई आधीच पाटाजवळ उकिडवी बसली होती, नाक जवळ नेऊन बघत होती.

"देवाला वोट घालतीस?" ती म्हणाली. "त्यापरीस भाकरी आण कालची."

तिने बाजरीच्या भाकरीचा तुकडा पाटाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. तिसऱ्या सकाळी ते पिवळं तिथे पोचलं होतं. आधीच्या जागी नुसता पुसट माग राहिलेला, आणि भाकरीवर शिरांचं जाळं. रेवाने पट्टी आणून मोजलं, "मम्मा, इट मूव्ह्ड इलेव्हन सेंटिमीटर्स! लाइक, बाय इटसेल्फ!" तिने कानातलं बोंडूक काढलं होतं. आई तोंडावर पदर धरून हसत होती. "खाल्लं की गं! बघ, खाल्लं!"

ते तीन दिवस. आजही धुक्याचा वास आला, त्या ओल्या सिमेंटचा आणि समुद्राच्या खाऱ्या हवेचा, की ते तीन दिवस मला आठवतात आणि मग मला माझाच राग येतो. आम्ही तिघी सकाळी बाल्कनीच्या फरशीवर बसायचो. मी चहा आणायचे, खारी आणायचे. स्कूलबस धुक्यामुळे उशिरा यायची, मलाही ऑफिसात 'फॉग' एवढा एक शब्द पाठवला की भागायचं. आई बोलायला लागली. जेजुरीच्या पायऱ्या चढताना बाबांची चप्पल कशी हरवली आणि ते कसे मग अनवाणी घरापर्यंत आले, चिडून, तिच्याशी न बोलता. तिचं लग्न झालं तेव्हा ती पंधराची होती आणि तळी उचलताना 'येळकोट'च्या ऐवजी घाबरून 'वंदे मातरम्' ओरडली. रेवा हसून हसून लोळली. तिला आजीने येळकोट शिकवला. रेवा 'ळ' म्हणते तेव्हा जीभ कुठे ठेवावी तिला कळत नाही, आजीने तिचा जबडा धरून दाखवलं. चंपाषष्ठीला आपण तळी उचलायची ठरली. ताम्हनात खोबरं, सुपारी, भंडारा घेऊन ते पाच जणांनी उचलायचं असतं, गावी पुरुष उचलतात. "हितं गडी कुठनं आणायचे? बायका-बायका उचलू," आई म्हणाली. खालचा आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, पेशावरचा खानचाचा, त्यालाही खोबऱ्याचा प्रसाद द्यायचं ठरलं. आई जेवायला लागली. मागून घ्यायला लागली.

तिसऱ्या सकाळीच ती म्हणाली, "संगे, राहीन म्हणते मी हितं."

मी म्हटलं, "देव आला म्हणून?"

"तसंच समज की."

मी लगेच नवऱ्याला फोन लावला. समुद्रावर रेंज येते-जाते. तो म्हणाला, "अरे वा! मग यल्ला, चल, टायपिंग सेंटरला जाऊन व्हिसाचा फॉर्म भरून घे, खलास." मी आईच्या पासपोर्टच्या कॉप्या काढून पर्समध्ये ठेवल्या. मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांना केक खाऊ घातला.

चौथ्या दिवशी दुपारी त्या ग्रुपवरच्या बाईचं उत्तर आलं. तिने फार छान लिहिलं होतं. ही बुरशी नव्हे, शेवाळ नव्हे, प्राणी नव्हे, वनस्पती नव्हे. स्लाइम मोल्ड म्हणतात. एवढा मोठा पसारा, पण पेशी एकच. मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी अन्न कुठे आहे ते त्याला समजतं आणि तिकडे ते सरकत जातं. सडतं लाकूड आणि सतत ओल मिळाली की कुठेही येतं, वाळवंटातल्या बाल्कनीतसुद्धा. निरुपद्रवी आहे, दोन-चार दिवसांत वाळून तपकिरी भुकटी होईल. आणि शेवटी तिने त्याचं लोकांच्या तोंडचं नाव दिलं होतं. डॉग व्हॉमिट. कुत्र्याची ओकारी.

मी डेस्कवर मोठ्याने हसले. शेजारच्या केरळी मैत्रिणीला सांगितलं, तीही हसली. आणि मग मी आईचा तो हात जोडलेला फोटो शोधून काढला आणि आमच्या 'माहेर' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या मातोश्रींना अबू धाबीत खंडोबा प्रसन्न! कपाळी भंडारा. शास्त्रज्ञांच्या मते: कुत्र्याची ओकारी." पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे.

ग्रुपवर सगळी भावकी. काका, काकू, चुलत भाऊ, त्यांच्या बायका, मुलं. दहा मिनिटांत हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी लिहिलं, "जय मल्हार!!! 😂" कुणी लिहिलं, "वहिनींना म्हणावं तीर्थ पण घ्या." मी प्रत्येकाला उत्तर देत होते. किती मजेदार लिहिते मी, असं मला वाटत होतं. त्या ग्रुपमध्ये आईही होती. मीच घातली होती तिला, तिच्या फोनवर अक्षरं मोठी करून दिली होती, म्हणजे चष्म्याशिवाय वाचता येईल.

घरी आले तर डेटॉलचा वास. बाल्कनीतली फरशी ओली. पाट भिंतीला उभा लावलेला, गरम पाण्याने घासून घासून पांढुरका पडलेला. आई सोफ्याच्या कडेला बसली होती. कपाळ चोळून लाल केलेलं.

"तात्यांचा फोन आल्ता," ती म्हणाली. तात्या म्हणजे माझे धाकटे काका, तिचे दीर. बाबा गेल्यावर भिंतीवरून, बोअरच्या पाण्यावरून तिच्याशी भांडत असतात. "ईचारत व्हते, वहिनी, वकारी कपाळाला लावली म्हनं. लई हसत व्हते. बायकोलाबी दिला फोन, तीबी हसली."

"आई, अगं गंमत केली मी."

"चाळीस माणसांत नाचिवलंस मला."

आणि तेव्हा मी ते वाक्य बोलले. दमले होते, ट्रॅफिक होता, ही सगळी कारणं मला पाठ आहेत, पण बोलले ते बोलले. "मग खोटं काय लिहिलं मी त्यात? आहेच ती ओकारी!"

रेवा दारात उभी होती. "इट्स जस्ट अ नेम, आजी," ती हळूच म्हणाली. आजीने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"खोटं काय बी न्हाई," आई म्हणाली. "माजं तिकीट बघ."

चंपाषष्ठीला तिने वांग्याचं भरीत केलं, रोडगे केले, नैवेद्य दाखवला. तळी उचलली नाही. रेवाने ताम्हन आणून पुढे ठेवलं तर तिने ते उचलून परत फडताळात ठेवलं आणि म्हणाली, "जेव, बाळा, गार व्हतंय." भरीत झकास झालं होतं. आम्ही तिघी टेबलावर बसून ते खाल्लं. मी दोनदा सॉरी म्हटलं, ती दोन्ही वेळा "असूं दे" म्हणाली. नंतरच्या आठवड्यात मी तिला विमानतळावर सोडलं. व्हीलचेअरवाला तिला घेऊन निघाला तेव्हा तिने रेवाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "जा तू, तुला उशीर व्हतोय." पासपोर्टच्या त्या कॉप्या अजून पर्समध्येच होत्या.

वर्ष झालं. दर शुक्रवारी फोन करते. "बरं हाय," ती म्हणते. "तुमचं?" ग्रुपमधून ती बाहेर पडली, बिनबोभाट. ये ना म्हटलं की "बघू." खानचाचा लिफ्टपाशी विचारतो, "अम्माजी कब आएगी?" मी म्हणते, "इन्शाल्ला." इथे ज्या गोष्टी होणार नसतात त्यांनाही आम्ही इन्शाल्लाच म्हणतो, आणि तो समजून मान हलवतो.

ह्या वर्षी धुकं सुरू झालं तसा मी पाट परत आडवा केला. एसीची नळी त्याच्यावर सोडली. मराठीत ह्या वस्तूला धड नाव नाही, मी शोधलं. सोप्या भाषेत काही नाहीच. घरात आम्ही तिला 'पिवळा' म्हणतो. रोज सकाळी मी उकिडवी बसून बघते, पिवळा आला का. ओट्स ठेवले. बाजरीची भाकरी थापली, मला जमत नाही तरी थापली, वाकडीतिकडी झाली, तिचा तुकडा ठेवला. त्या ग्रुपवरच्या बाईला विचारलं, ती म्हणाली, वाट बघा, लाकडात त्याचे कण असू शकतात, पण डेटॉलने धुतलं असेल तर सांगता येत नाही. वाट बघतेय. ज्या गोष्टीला मी चाळीस लोकांत हसले, ती यावी म्हणून शिकलेली, पगारदार, पंचेचाळीस वर्षांची बाई धुक्यात लाकडाचा वास घेत बसते. रेवा म्हणाली, "मम्मा, यू आर सो वीअर्ड." मग तीही पाच मिनिटं शेजारी बसली.

आज घट बसले. शुक्रवार नव्हता तरी आईला फोन केला.

"आई, धुकं पडलंय इथे. पाट ठेवलाय परत. पण तो काही येत नाही गं. तुझा भंडारा."

पलीकडे ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

"येडी का खुळी तू? त्यो काय भंडारा व्हता व्हय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पयल्या दिशी वाटलं मला. खोटं कशाला बोलू, लई वाटलं. दुसऱ्या दिशी तुमी उठायच्या आदी वास घेतला. हळदीला हळदीचा वास येतोय, त्याला कुजक्या लाकडाचा येत व्हता. साठ वर्सं भंडारा उधळलाय मी. मला कळंना व्हय?"

"मग तू... भाकरी घातलीस की. खाल्लं म्हणालीस. तीन दिवस!"

"व्हय."

"मग सांगितलं का नाहीस आई? मला तेव्हाच म्हणायचं की हे काहीतरी भलतंच आहे."

"काय सांगू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "लेकरू फरशीवर मांडी घालून बसलं व्हतं. तू चा आणलास. दोन महिन्यांत माज्यापाशी कुणी बसलं नव्हतं. भंडारा न्हाई म्हनलं असतं तर उठून गेला असता तुमी."

नाही गं, असं कसं, म्हणायला मी तोंड उघडलं. आम्ही उठून गेलोच असतो.